कडेला उभा राहणारा विद्यार्थी

शारीरिक शिक्षणाच्या तासाचे यश केवळ चांगल्या खेळाडूंवरून ठरत नाही. किती मुले कडेला उभी राहिली, हेही पाहावे लागते. बॅडमिंटनच्या तासाचा एक साधा हिशेब करू. विद्यार्थी 40, तास 40 मिनिटांचा आणि कोर्ट एकच. त्यावर एका वेळी चौघेच खेळू शकतात. समान वाटणी केली तरी प्रत्येकाच्या वाट्याला 4 मिनिटे येतात. त्यातही ‘हरेल तो बाहेर’ असा शिरस्ता असला, म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज त्यालाच सर्वांत कमी खेळावयास मिळते; आणि पुढे तोच विद्यार्थी निरुत्साही ठरविला जातो.

कोर्ट 13.40 मीटर लांब व 6.10 मीटर रुंद असते. नवशिक्याला एवढ्या जागेची आवश्यकता नसते. पटांगणात बांबूंच्या आधाराने 30 मीटर दोरी सुमारे दीड मीटर उंचीवर बांधावी व चुन्याने तीन-तीन मीटर रुंदीचे दहा पट्टे आखावेत. प्रत्येक पट्ट्यात चौघे असावेत. दोघांनी खेळावे, एकाने फटके मोजावेत, एकाने फूल उचलून द्यावे. दर दोन मिनिटांनी कामे बदलली, की प्रत्येकाला 4 ऐवजी 20 मिनिटे खेळावयास मिळतात. रॅकेटी अपुऱ्या असल्यास लहान लाकडी फळ्यांवरही आरंभ करता येतो.

साधनेही विद्यार्थ्यानुरूप बदलावीत. पिसांचे फूल अवघे पाच ग्रॅमच्या आसपास असते; उघड्यावर वारा ते भरकटवितो. तेथे नायलॉनचे फूल व भिंतीचा आडोसा बरा. ज्याचा फटका वारंवार चुकतो त्याला प्रथम फुगा द्यावा. फुगा सावकाश उतरतो, त्यामुळे नजर व हात यांचा मेळ बसावयास अवधी मिळतो. आरंभी गुणही जोडीने मिळवावेत: फूल न पाडता काल पाच फटके झाले, तर आज सहा व्हावेत. मग जोडीदाराचे कच्चेपण ही दोघांचीही चिंता होते.

नियम बदलल्याने खेळाचा दर्जा घटतो, असा आक्षेप घेतला जातो. परंतु 2021 साली टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये बॅडमिंटनचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरील एकेरी सामने अर्ध्या कोर्टावरच खेळले गेले. त्यामुळे त्या पदकांचे मोल कमी झाले नाही. खेळाडूसाठी जागतिक स्पर्धेचे कोर्ट बदलू शकते. मग विद्यार्थ्यासाठी शाळेचे का बदलू नये?