एका मोठ्या संख्येची परीक्षा

पांच उदाहरणें खरीं ठरलीं म्हणजे नियम सिद्ध झाला, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें. ही समजूत किती फसवी आहे, हें ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या चांगलें शिकविते.

फ्रान्स देशांत तुलूझ येथें न्यायाधिकारी असलेला पिएर द फर्मा हा फावल्या वेळीं गणिताचें चिंतन करीत असे. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा घात घेऊन प्रत्येकांत १ मिळविला, तर ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ ह्या संख्या येतात. ह्या पांचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ व ती संख्या स्वतः ह्यांवांचून दुसऱ्या कोणत्याही संख्येनें त्यांस निःशेष भाग जात नाहीं. घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास येणारी प्रत्येक संख्या मूळच असेल, असें अनुमान फर्मानें १६४० मध्यें एका पत्रांत कळविलें. नेमकी सिद्धता आपणाजवळ नाहीं, हेंही त्यानें प्रांजळपणें लिहिलें.

ह्या मालिकेंतील सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. हीच आपली चार अब्जांवरील संख्या. ती तपासावी कशी? तिचें वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित् अधिक आहे, व तेथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीनें भागून पाहणारा थकून जाईल. परंतु १७३२ मध्यें ऑयलर ह्या स्विस गणितज्ञानें तिचा ६४१ हा अवयव दाखवून दिला. पुढें त्यानें सिद्ध केलेल्या नियमान्वयें, हिच्या कोणत्याही मूळ अवयवास ६४ नें भागिलें असतां बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. पहिल्या चार संख्यांनीं भाग जात नाहीं. पांचवीनें जातो, आणि भागाकार ६७,००,४१७ येतो.

हा भागाकार न करितांही हीच गोष्ट सिद्ध होते. २ च्या २८ व्या घातास ‘क’ म्हणूं. मग २ चा ३२ वा घात = १६क. आतां ६४१ = ६२५ + १६; म्हणून १६क = ६४१क − ६२५क. ६२५ हा ५ चा चौथा घात व क हा १२८ चा चौथा घात. तेव्हां ६२५क हा ५ × १२८, म्हणजे ६४० चा चौथा घात झाला. अर्थात्,

आपली संख्या = ६४१क − (६४० चा चौथा घात − १).

कंसांतील राशीचे अवयव (६४० + १), (६४० − १) व (६४० चा वर्ग + १) असे होतात; पैकीं पहिला ६४१ च आहे. दोन्ही पदांस ६४१ नें भाग जातो, सबब त्यांच्या वजाबाकीसही जातो.

ज्या पांच संख्यांवरून फर्मानें अनुमान बांधलें, त्यांपलीकडे ह्या मालिकेंत एकही मूळ संख्या आजवर कोणास सांपडलेली नाहीं. तरी फर्माची थोरवी उणी होत नाहीं. कारण जें सिद्ध नव्हतें तें सिद्ध आहे असें त्या पत्रांत तो म्हणाला नाहीं. आपणही तोच प्रामाणिकपणा राखावा. प्रस्तुत लेखावरही विसंबून न राहतां वाचकांनीं पाटी घेऊन ६७,००,४१७ ला ६४१ नें गुणून पहावें.