गंगीला बोलू दे

चि. अमेय,


संमेलनासाठी लिहिलेलं तुझं वगनाट्य वाचलं. सरांनी वर लाल शाईने ‘चावट’ असा शेरा मारला म्हणून तू हिरमुसला आहेस. पण त्यांनी ‘अश्लील’ लिहिलेलं नाही, हे आधी बघ. अश्लील म्हटलं की माणूस तोंड फिरवतो. चावट म्हणणारा दटावतो खरा, पण त्याचं हसू लपत नाही. खोडकर पोरालाही आपण लाडाने चावट म्हणतोच. मोठ्यांच्या बाबतीत ती खोडी स्त्रीपुरुषांच्या नात्याकडे वळते, एवढंच.

तमाशातली गवळण आठव. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात. बोलणं सगळं दह्यादुधाचं, आणि पब्लिक ऐकतं भलतंच. सोंगाड्याने तो दुसरा अर्थ फोडून सांगितला की मजा गेली. तू तो तीन ठिकाणी फोडला आहेस, तिथे कात्री चालव. आणि गवळणींबरोबरची मावशी बघ! पदर खोचून पुढे होते आणि एका उत्तरात पेंद्याची बोलती बंद करते. गवळणींच्या बाजूनेही कुणीतरी फटकळ तोंडाचं आहे, म्हणून तो चावटपणा अंगावर येत नाही.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये तर सगळा खेळ मैनावतीच्या हातात आहे. ती मागत जाते, कोतवाल भुलत जातो, राजाचा छपरी पलंगही पळवतो. हसू होतं ते अधिकाराच्या खुर्चीत बसलेल्या पुरुषाचं. तुझ्या वगात मात्र पाटील एकटाच बोलतो आणि गंगी नुसती लाजते. मला खरी अडचण इथे वाटते. तिला जीभ दे. पाटलाच्या प्रत्येक टोमण्याला तिचं सवाई उत्तर हवं.

आणखी एक, हे मी कळकळीने सांगतो. थट्टेला नातं लागतं. मेहुणामेहुणीत, विहिणीविहिणींत जे खपतं ते वर्गातल्या मुलीला ग्रुपवर पाठवलं, तर त्याला चावटपणा म्हणत नाहीत. तो त्रास आहे, आणि तो तुझ्या हातून होता कामा नये.

तालमीला मुलींसमोर संहिता मोठ्याने वाच. जिथे त्या एकमेकींकडे बघून गप्प होतील, ते वाक्य तिथल्या तिथे खोड. मग सरांकडे जा, भांडायला नको, दुरुस्त प्रत घेऊन. मलाही एक पाठव.

तुझा,
मामा