फाशांना दोष देण्याआधी

न्यू जर्सी

चि. अर्णव,

स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या ऑनलाइन बेसबॉल लीगमध्ये तुझा संघ तळाला गेला. ‘खेळाडूच चांगले नसतील तर मॅनेजर काय करणार?’ असं तू विचारलंस. त्याचं सरळ उत्तर देते.

हॅल रिचमनने १९६१मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा कार्डांचा आणि फाशांचा खेळ बाजारात आणला, तेव्हापासून त्याचा गाभा तोच आहे. तीन फासे पडतात. एकावर १ ते ३ आलं की बॅटरचं कार्ड वाचायचं, ४ ते ६ आलं की पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज निकालाकडे नेते. आता फासे संगणक टाकतो, एवढंच. खेळाडूची कामगिरी कार्डावर कायमची उतरलेली असते. खऱ्या मैदानावरचा मॅनेजर शिकवतो, धीर देतो. तुला त्या कार्डातला एक आकडाही हलवता येत नाही. म्हणून गुणवत्तेला कमी लेखू नकोस. दुबळ्या कार्डांचा संघ नुसत्या डावपेचांनी अजिंक्य होत नाही.

पण पगाराची मर्यादा तुमच्या लीगमध्ये सगळ्यांना सारखीच आहे ना? मग खरं कसब लागतं ते पहिला फासा पडण्याआधी. तू नामांकित होम रनवाल्यांवर पैसा ओतलास आणि शॉर्टस्टॉप ४ रेटिंगचा घेतलास. क्षेत्ररक्षणात १ सर्वोत्तम, ५ सर्वांत वाईट; आणि क्षेत्ररक्षकाची परीक्षा पाहणारे सर्वाधिक चेंडू शॉर्टस्टॉपकडेच जातात. तिथे गळती असेल तर उत्तम पिचरही वाया जातो.

बॉल्टिमोर ओरिओल्सचे मॅनेजर अर्ल वीव्हर यांचा १९८२चा संघ अभ्यास. लेफ्ट फील्डला त्यांनी प्रामुख्याने दोघांना आलटून पालटून खेळवलं: उजव्या पिचरसमोर डावखुरा जॉन लोवेनस्टीन, डावखुऱ्या पिचरसमोर उजवा गॅरी रोनिकी. त्या हंगामात लोवेनस्टीनने २४ होम रन मारले, रोनिकीने २१. कोणता बॅटर कोणत्या पिचरला कसा खेळतो, याच्या नोंदी वीव्हर जवळ बाळगत. तुझ्या कार्डांवरही डाव्या आणि उजव्या पिचरसाठी वेगळे रकाने आहेत. ते वाच. एकाच बाजूने चांगला असलेला खेळाडू स्वस्त मिळतो. त्याला योग्य दिवशी उतरवणं हे तुझं काम.

आता नशीब. प्रत्येक सामना अगदी बरोबरीचा असेल, तर १६२ सामन्यांत सरासरी ८१ विजय मिळतील. पण साधारण तीनपैकी दोन हंगामांतच आकडा ७५ ते ८७च्या दरम्यान राहील. उरलेल्यात तो त्याही पलीकडे जाईल. म्हणून एका रात्रीच्या पराभवावरून लाइनअप मोडू नकोस, आणि एका विजयावरून स्वतःला शहाणा समजू नकोस. निर्णय घेताना हाताशी जी माहिती होती, तिच्या आधारे तो बरोबर होता का, एवढंच तपास. ही सवय तुला खेळाबाहेरही उपयोगी पडेल. माणसांची पारख करून त्यांना शोभेल ते काम देणं फार थोड्यांना जमतं, आणि तुला ते जमावं असं मला मनापासून वाटतं.

पुढचा संघ निवडताना प्रत्येक खेळाडूपुढे ‘हा का घेतला’ ते एका ओळीत लिही आणि हंगाम सुरू होण्याआधी मला पाठव. कारण लिहिता आलं नाही, तर तो खेळाडू घेऊ नकोस.

तुझी,
आत्या