हिवाळ्यातले आल्प्स, आई-बाबांसोबत: रीडरआल्प ते बेटमरआल्प

स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक मराठी घरांत आई-बाबांच्या येण्याचा हंगाम ठरलेला असतो, मे ते ऑगस्ट. हिवाळ्यात आपण आणि मुलं स्कीइंगला जातो आणि नाशिक-पुण्याला फक्त फोटो पोचतात. मला हे बदलायला हवं असं मनापासून वाटतं. ज्यांचे गुडघे बरे आहेत आणि ज्यांना रोज तासभर चालायची सवय आहे, अशा आई-बाबांना हिवाळ्यात बोलवा. पण त्यांना शिखराच्या रेल्वेत कोंबून फोटोपुरतं वर नेऊ नका, चालायला न्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बर्नहून वालिसला गेलो. पोचायचं कसं, ते एका ओळीत सांगते: ब्रिगपर्यंत मोठी गाडी, पुढे छोट्या रेल्वेने म्योरेल, तिथून केबलकारने रीडरआल्प, हाफ-फेअर कार्ड शेवटपर्यंत चालतं. बर्नवर हिवाळ्यात कित्येक दिवस धुक्याचं झाकण असतं. गाडी ल्योचबर्गच्या बोगद्यातून पलीकडे निघाली की बहुतेक वेळा लख्ख ऊन मिळतं. एवढ्यासाठीही वालिस निवडावं.

ठरलं होतं असं, की नवरा आणि मुलं स्कीइंग करतील आणि मी आई-बाबांना घेऊन बेटमरहॉर्नवर जाईन, आलेच हिमनदी बघायला. सकाळी वर पोचलो तर फलकावर वरच्या सगळ्या लिफ्टपुढे लाल दिवे. धारेवर जोराचा वारा होता. गावात मात्र पानही हलत नव्हतं. खालच्या काही स्की-लिफ्ट चालू होत्या, त्यामुळे मुलांचं काही अडलं नाही. प्रश्न आमचा होता. बाबांनी गुलाबी रंगाची पाटी पाहिली आणि विचारलं, "ही वाट कुठे जाते?"

ही गुलाबी पाटी नीट समजून घ्या. उन्हाळ्यात इथे पिवळ्या पाट्या असतात, डोंगरवाटांना पांढरा-लाल-पांढरा पट्टा आणि अवघड आल्पाइन वाटांना पांढरा-निळा-पांढरा. हिवाळी चालवाट गुलाबी असते. ती यंत्राने दाबून सपाट केलेली असते, तिच्यावर लक्ष ठेवलेलं असतं आणि हिमस्खलनाचा धोका असला की ती बंद करतात. पिवळी पाटी बर्फातून डोकं वर काढून उभी दिसली तरी तिच्यामागे जायचं नाही. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला वाट दिसली की पाय आपोआप वळतात, म्हणून हे ठासून सांगते आहे. जुलैत लहान मुलंही चालतात अशी वाट फेब्रुवारीत हिमस्खलनाच्या उतारावर असू शकते.

रीडरआल्प १९२५ मीटरवर आहे आणि बेटमरआल्प जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. दोन्ही गावांत मोटारींना बंदी आहे. मधली वाट आपल्या चालीने तासाभराची, चढ-उतार किरकोळ. पण आम्ही ती तासाभरात चाललो नाही, चालायचीही नाही. दाबलेल्या बर्फावर आईची पहिली पावलं घाबरत पडत होती. बुटांना रबरी पट्ट्याचे काटे चढवले, हातात दोन काठ्या दिल्या. पाचेक मिनिटांत तिने माझा हात सोडला. बाबा पुढे गेले होते. त्यांनी उमेदीत कळसूबाई कितीदा केलंय, आणि आपण आत्ता कळसूबाईच्याही वर आहोत हे कळल्यावर ते जरा थांबून खाली ऱ्होनच्या दरीकडे बघत राहिले. समोर, दरीपलीकडे, ४५४५ मीटरचा डोम, त्याच्या उजव्या हाताला मॅटरहॉर्नचं टोक आणि पुढे वाइसहॉर्न. फोनवरच्या नकाशाशी एकेक शिखर जुळवत बाबांनी सगळी नावं लिहून घेतली.

वाटेवर गर्दी होती, पण चालणाऱ्यांची. बाबांहून वयाने मोठी माणसं काठ्या टेकत, ऊन खात चालली होती. कुणी स्लेजवर नातवाला ओढत होतं, कुणी दुकानातून आणलेलं सामान. आईला हे फार आवडलं. सहलीला आलेली माणसं आणि गावात राहणारी माणसं एकाच वाटेने, एकाच चालीने जात होती. बाकावर बसून थर्मासमधला चहा आणि तिने नाशिकहून आणलेले तिळाचे लाडू खाल्ले. शेजारी बसलेल्या आजींनाही एक दिला. भाषा कुणालाच येत नव्हती, तरी आजींनी आईच्या हातमोज्यांना हात लावून ते पातळ आहेत असं खुणेने सांगितलं. त्या बरोबर होत्या. संध्याकाळी जाड हातमोजे घेतले.

मध्ये काही ठिकाणी चालवाट स्कीच्या उताराला छेदते. तिथे थांबायचं, वरच्या बाजूला बघायचं आणि सगळ्यांनी एकत्र, न रेंगाळता पार व्हायचं. उताराच्या मध्ये उभं राहून फोटो काढणं हा गुन्हाच समजावा. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेच्या नियमांत पायी जाणाऱ्याने उताराच्या कडेनेच जावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. वरून येणाऱ्याला दर वेळी थांबता येतंच असं नाही.

दुपारी मुलं स्की करत उपाहारगृहापाशी आली आणि आम्ही चालत पोचलो. सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचं, ही त्या दिवसाची खरी कमाई. आजोबांसमोर शेवटचं वळण घेऊन दाखवताना माझ्या धाकट्याचा चेहरा मी विसरणार नाही. एरवी स्कीइंगच्या दिवशी घर दोन तुकड्यांत वाटलं जातं आणि आजी-आजोबा खालच्या स्टेशनातल्या कॅफेत घड्याळ बघत बसतात. म्हणून जागा निवडताना एवढंच तपासा: चालवाट आणि स्कीचा उतार एखाद्या जेवणाच्या ठिकाणी एकत्र येतात का? येत असतील तर जा. शिखर किती उंच आहे ते बघू नका. शाकाहारी असाल तर रोश्टी मागवा, पण बेकन नको हे आधी सांगा. बार्लीच्या सूपमध्येही बहुधा मांस असतं.

जेवणानंतर बेटमरआल्पचं पांढरं चॅपल बघितलं, १६९७ सालचं, बर्फातल्या मेरीच्या नावाचं. तिथून केबलकारने खाली जायचं होतं. पण आईच म्हणाली, "परत चालत जाऊ या ना." आणि आम्ही गेलो.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि रीडरआल्पहून मोसफ्लूला, २३३३ मीटरवर जाता आलं. आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, सुमारे २० किलोमीटरची. २००१ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. थोडक्यात इतिहास असा: पूर्वी हिमनदी वाढायची, बर्फाने अडलेलं सरोवर फुटून खाली पूर यायचे, म्हणून १६७८ मध्ये फीश परिसरातल्या लोकांनी तिने वाढू नये यासाठी नवस केला. ती आता इतकी आटते आहे की २०१० मध्ये पोपची परवानगी घेऊन तो नवस उलट करण्यात आला. मोसफ्लूखालचा उतारही बर्फाचा आधार गेल्याने सरकतो आहे. २०१६ मध्ये तो वेगाने सरकू लागला आणि काही वाटा बंद कराव्या लागल्या. बाबा हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

डोंगर आधीच इतका नाजूक झालेला असताना मला कचऱ्याचा जास्तच राग येतो. संत्र्याची सालं आणि नाक पुसलेले कागद बर्फावर टाकून "विरघळेल" म्हणणारे आपल्यातही आहेत. थंडीत फारसं काही कुजत नाही. बर्फ वितळलं की सगळं तिथेच सापडतं. गर्दीचंही तसंच. ब्रिएन्झ सरोवराकाठच्या इझेल्टवाल्डला एका कोरियन मालिकेमुळे इतकी झुंबड उडाली की धक्क्यावर जायला पाच फ्रँक लावावे लागले. आपण जिथे जातो तिथे फाटकं बसवायची वेळ येऊ नये.

थोडं सुरक्षेचं. दावोसच्या एसएलएफ संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता येतं. व्हाइट रिस्क ॲपवर ते वाचा. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. तिसरी मधली आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बरेच जीवघेणे अपघात याच पातळीला होतात. रेगा या हवाई बचावसेवेच्या हेलिकॉप्टरसाठी १४१४, रुग्णवाहिकेसाठी आणि वालिसमध्ये हेलिकॉप्टरसाठीही १४४. तुम्ही रेगाचे वर्गणीदार असलात तरी पाहुण्या आई-बाबांना ते आपोआप लागू होत नाही, म्हणून त्यांच्या प्रवासविम्यात डोंगरातली सुटका आहे का ते वाचून घ्या. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा. आणि वाऱ्यामुळे खालची केबलकारही बंद पडू शकते, तेव्हा परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

फेब्रुवारीत बहुतेक कँटनांच्या शाळांना सुट्ट्या असतात, खोल्या महाग आणि उतारांवर दाटी. मार्चचा मध्य उत्तम: दिवस मोठा, ऊन उबदार आणि या उंचीवर बर्फ भरपूर. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मार्चसाठी दिवाळीच्या आसपास कागदपत्रं जुळवायला घ्या.