घटक ६ : लेखक-कलावंतांच्या सर्जनशील कार्यशाळा आणि सांस्कृतिक ओळख (महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात)

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• 'सांस्कृतिक ओळख' ही संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• जलसा, कलापथक आणि वस्तीनाट्य यांचा सर्जनशील कार्यशाळेशी असलेला संबंध सांगता येईल.
• कार्यशाळा घेणाऱ्या लेखक-कलावंताची जबाबदारी व मर्यादा ओळखता येतील.
• आपल्या परिसरात एक छोटी कार्यशाळा आखता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोकसाहित्याचा संकलक गावात जातो, गाणी-कथा टिपून घेतो आणि परततो. गावाने सांगायचे आणि त्याने लिहायचे, अशी ही विभागणी असते. सर्जनशील कार्यशाळेत ही विभागणी मोडते. येथे गावानेच लिहायचे, रंगवायचे, गायचे असते. लेखक किंवा कलावंत त्यासाठी वाट मोकळी करून देतो.

महाड औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याची वेळ डोळ्यांसमोर आणा. फाटकातून बाहेर पडणाऱ्यांत आसपासच्या वाड्यांतील शेतकरी कुटुंबांतले तरुण असतात, पोलादपूरच्या डोंगरभागातून आलेले कामगार असतात, तसेच परप्रांतातून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारेही असतात. त्यांपैकी कोणालाही आपली संस्कृती कोणती असे विचारले, तर तो बहुधा एखाद्या सणाचे वा देवस्थानाचे नाव सांगेल. आपल्या बोलीचा, आजीच्या गौरीगीतांचा किंवा मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या पत्रांचा उल्लेख तो क्वचितच करील. हे न सांगितलेले बोलते करणे हा कार्यशाळेचा हेतू होय.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ सांस्कृतिक ओळख म्हणजे काय?

भाषा, श्रम, श्रद्धा, आहार, कला आणि सामूहिक स्मृती यांतून 'आम्ही कोण' याविषयी समूहाच्या मनात जी जाणीव तयार होते, तिला सांस्कृतिक ओळख म्हणतात. ही ओळख एकजिनसी नसते. महाड-पोलादपूर परिसरातच जाखडीचा फेर धरणारी मंडळे, कातकरी वाड्या, कोकणी मुसलमानांची बोली, वीरेश्वराच्या छबिन्याची परंपरा आणि बौद्ध वस्त्यांतील भीमगीते एकमेकांच्या शेजारी नांदतात. उमरठला तानाजी मालुसरे यांची स्मृती जपली जाते. महाड शहरालगत गांधारपाले येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. यांपैकी एकच धागा उचलून 'ही येथील संस्कृती' असे म्हटले, तर उरलेल्यांची ओळख पुसली जाते. म्हणून कोणाची ओळख आणि ती कोणी सांगायची, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

६.२.२ महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

'कार्यशाळा' हा शब्द अलीकडचा असला, तरी कलेच्या आधारे समूहाला स्वतःविषयी बोलते करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या विचारांच्या प्रसारासाठी पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन त्यांत आशय मात्र नवा भरला गेला. आंबेडकरी जलशांनी हीच वाट पुढे नेली. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आपल्याच वस्तीतील माणसे जमवून जलसे बसवले. समाजाने तुच्छ लेखलेल्या माणसांनी आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगणे, हे त्यांचे मोठे सामर्थ्य होते.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले आणि कामगारांचे जगणे रंगमंचावर आणले. पुढच्या काळात रत्नाकर मतकरी यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना राबवली. वस्त्यांतील मुलांनी स्वतःच्या अनुभवांवर नाटिका रचून सादर कराव्यात, असे तिचे स्वरूप होते.

लेखनाच्या क्षेत्रातील एक उदाहरणही ध्यानात ठेवावे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी मिळवल्या व 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक सिद्ध केले. पुस्तकाच्या नावातील 'आम्हीही' या शब्दात कार्यशाळेचे सगळे तत्त्व सामावले आहे.

६.२.३ एक परदेशी उदाहरण

केनियातील लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात १९७७ मध्ये लेखक न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी ग्रामस्थांसह गिकुयू भाषेत एक नाटक उभे केले. ग्रामस्थांत चहामळ्यांतील मजूर आणि जवळच्या पादत्राण कारखान्यातील कामगार होते. त्यांनी तालमींत लेखकांची भाषा दुरुस्त केली, प्रसंगांत भर घातली आणि उघडे नाट्यगृहही श्रमदानाने बांधले. काही आठवड्यांतच शासनाने प्रयोगांवर बंदी घातली आणि वर्षअखेरीस न्गुगी वा थिओंगो यांना खटल्याविना तुरुंगात टाकले. स्वतःच्या भाषेत स्वतःविषयी बोलणारा समूह सत्तेला किती अस्वस्थ करतो, हे यावरून दिसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
'कामिरीथू येथे लेखकही विद्यार्थी झाला.' या विधानाचा अर्थ चार-पाच ओळींत लिहा.

६.२.४ कार्यशाळेची आखणी : 'पाणी' हा विषय

आता महाड परिसरासाठी आपण एक कार्यशाळा कल्पू या. विषय एकच शब्दाचा असावा, पण त्यात प्रत्येकाला शिरता यावे. 'पाणी' हा तसा शब्द आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, तरी तो अमलात आला नव्हता. सत्याग्रहानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. हे पाण्याचे एक स्मरण झाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळला आणि वाहनांसह माणसे वाहून गेली. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले, तर तळिये गावावर दरड कोसळली. ही पाण्याची दुसरी स्मरणे होत. याखेरीज डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बाईचे पाणी वेगळे, नदीत मासे धरणाऱ्या कातकऱ्याचे वेगळे आणि कारखान्यात काम करणाऱ्याचेही वेगळे.

कार्यशाळेचे टप्पे पुढीलप्रमाणे ठेवता येतील.

पहिला टप्पा – स्मरण : सहभागी गोलाकार बसतात. प्रत्येकजण पाण्याची एक आठवण आपल्या बोलीत सांगतो. बोली सुधारून घ्यायची नाही.

दुसरा टप्पा – वस्तू : घागर, जाळे, पुरातून वाचलेले छायाचित्र अशी एखादी वस्तू मध्ये ठेवून तिच्याविषयी प्रत्येकाने पाच ओळी लिहायच्या. लिहिता न येणाऱ्याने सांगावे, दुसऱ्याने त्याच्याच शब्दांत उतरवावे.

तिसरा टप्पा – रूप : लिहिलेल्यातून गाणे, चित्रमालिका किंवा छोटे नाट्य घडवायचे. रूपाची निवड गटाने करावी.

चौथा टप्पा – सादरीकरण व चर्चा : सादरीकरण वस्तीतच व्हावे. कामगारांच्या पाळ्यांचा विचार करून वेळ ठरवावी.

६.२.५ लेखक-कलावंताची जबाबदारी

अशा कार्यशाळेत तीन धोके संभवतात. एक, ओळख ही प्रदर्शनाची वस्तू होते. पाहुण्यांपुढे फेर धरला जातो आणि नाचणाऱ्याचे म्हणणे मागे पडते. दोन, गोडवा राखण्यासाठी जातीचा किंवा अन्यायाचा उल्लेख टाळला जातो. चवदार तळ्याच्या गावात पाण्याविषयी बोलताना १९२७ वगळणे म्हणजे खोटी एकी उभी करणे होय. तीन, दुसऱ्याचे दुःख लेखकाच्या नावे छापले जाते. ज्याचा माणूस पुरात गेला, त्याच्या आठवणीवर पहिला हक्क त्याचाच आहे. म्हणून सांगणाऱ्याची संमती घेणे, त्याचे नाव द्यायचे की नाही हे त्यालाच ठरवू देणे आणि कोणालाही बोलण्याची सक्ती न करणे, हे नियम आरंभीच स्पष्ट करावेत. गप्प राहणे हाही सहभागाचा एक प्रकार आहे.

६.३ सारांश

सांस्कृतिक ओळख बहुपदरी असते आणि ती सांगण्याचा अधिकार ती जगणाऱ्यांचा असतो. जलसा, कलापथक आणि वस्तीनाट्य यांनी हा अधिकार प्रत्यक्षात आणला. सर्जनशील कार्यशाळा त्याच परंपरेत बसते. तिचे यश कलाकृतीच्या सफाईवर मोजू नये. आजवर गप्प राहिलेला माणूस बोलला का आणि शेजाऱ्याने ते ऐकून घेतले का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ते मोजावे.

६.४ पारिभाषिक शब्द

सामूहिक स्मृती : समूहाने मिळून जपलेल्या भूतकाळाच्या आठवणी.
जलसा : गाणी, संवाद व विनोद यांतून प्रबोधन करणारा लोकनाट्यप्रकार.
चाकरमानी : नोकरीसाठी मुंबईत राहणारा कोकणी माणूस.

६.५ सरावासाठी प्रश्न

१. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा का स्वीकारला असावा? सकारण लिहा.
२. कार्यशाळेतील तीन धोके सांगून त्यांवरील उपाय सुचवा.

६.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एका ज्येष्ठ व्यक्तीला 'पाणी' या विषयावरील एक आठवण विचारा. ती तिच्याच बोलीत लिहा, तिला वाचून दाखवा आणि ती सुचवील त्या दुरुस्त्या करा. मूळ आणि दुरुस्त अशी दोन्ही टिपणे जवळ ठेवा. त्यांतील फरक आपल्याला या घटकाविषयी बरेच काही शिकवील.