परश्रद्धेच्या अद्भुतकथांचा आस्वाद

जी श्रद्धा आपली नाही, तिच्यावर उभारलेल्या अद्भुतकथेचा खरा आनंद आपणास घेता येईल काय, असा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांना पडतो. सी. एस. लुइस यांच्या 'नार्निया' कथामालेच्या आधारे त्याचा विचार करू.

या मालेची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाली. पहिल्या प्रसिद्ध पुस्तकात, युद्धकाळी लंडनहून दूर पाठविलेली चार भावंडे एका कपाटातून नार्निया देशात जातात. तेथे चेटकिणीच्या जादूने सदैव हिवाळा असतो. नाताळ मात्र कधीच येत नाही. एडमंड मिठाईच्या लोभाने भावंडांचा घात करतो. त्याच्यासाठी अस्लान नावाचा सिंह स्वतःचे प्राण देतो आणि पुन्हा जिवंत होतो. ख्रिस्ताच्या बलिदानाची व पुनरुत्थानाची छाया या प्रसंगावर उघड आहे.

अशा वेळी वाचकाकडून दोन चुका संभवतात. श्रद्धा वगळून कथा केवळ साहस म्हणून वाचली, तर एडमंडच्या क्षमेला एवढे मोल का पडावे, हे उमगत नाही. उलट, सिंह म्हणजे ख्रिस्त एवढेच ओळखून थांबले, तर मृत सिंहाच्या अंगावरील दोर कुरतडणारे इवले उंदीर नजरेतून निसटतात. आणि कथेचा जिव्हाळा तर तेथेच आहे.

मग वाचावे कसे? न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'चा विचार मांडला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही, हा त्याचा आशय. लुइस यांनीही मिल्टनच्या महाकाव्यावरील १९४२ च्या ग्रंथात असेच सुचविले आहे: कवीच्या श्रद्धा बाजूला सारू नयेत, त्या मानणाऱ्यास जग कसे दिसते, हे कल्पनेने अनुभवावे.

अशा वाचनाने मन पालटेल, ही भीती अगदीच निराधार नाही. तरुणपणी लुइस नास्तिक होते. १९१६ साली वाचलेल्या जॉर्ज मॅक्डॉनल्ड यांच्या अद्भुतकथेने आपल्या कल्पनाशक्तीवर खोल संस्कार केला, असे त्यांनी पुढे लिहिले. १९३१ साली ते ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले. परंतु नॉर्स देवकथांनीही त्यांना बालपणापासून मोहिनी घातली होती, आणि त्यामुळे ते ओडिनचे उपासक झाले नाहीत! कथा मनाला हलविते. निर्णय वाचकाच्या विवेकाचाच असतो.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, असे पुस्तक वाचताना प्रथम लेखकाला सर्वांत श्रेष्ठ काय वाटते, ते शोधा. काही काळ त्याच्या दृष्टीने जग पाहा. ते मला पटते काय, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर अवश्य विचारा. त्याआधी मात्र कथेला आपले म्हणणे पुरे करू द्या.