गॅलरीतला ‘पाइन’: डिसेंबरची खरेदी, पावसाळ्याची काळजी

डिसेंबर लागला की दादर-गिरगावच्या रोपविक्रेत्यांकडे मजल्यामजल्यांनी फांद्या फुटलेली ‘ख्रिसमस ट्री’ दिसू लागतात. विकणारा त्यांना पाइन म्हणतो, घेणाऱ्याला हिमालय आठवतो, आणि तिथेच गडबड होते. हे झाड डोंगरातले नव्हेच. ते अरौकेरिया, पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया आणि नॉरफोक बेटांवरचे. दमट हवा, खारा वारा त्याच्या ओळखीचा. म्हणून चौपाटीकडे तोंड असलेल्या गच्चीवरही ते तग धरते.

खऱ्या डोंगरी पाइनच्या नादी मात्र लागू नये. आल्प्समधला बुटका म्यूगो पाइन बोन्सायसाठी मागवता येतो. उत्तराखंडचा चीड कुणी सहलीहून पिशवीत घालून आणतो. ओळख सोपी: पाइनच्या सुया जुडीने येतात, म्यूगोच्या दोन-दोन, चीडच्या तीन-तीन. म्यूगोला हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. आपल्याकडे जानेवारीतही पारा 15 अंशांच्या खाली क्वचितच जातो. चीड उन्हाळा सोसेल, पण परळच्या जुलैत कुंडी चिंब राहिली की त्याची मुळे कुजतात.

तेव्हा अरौकेरियाच घ्या, आणि घेताना आधी शेंडा पाहा. मधला उभा कोंब शाबूत हवा. तो मोडला की झाडाचा सुबक आकार बिघडतो. रोपवाटिकावाल्यांनीही हे ध्यानात ठेवावे: बाजूच्या फांदीचे छाट कलम मुळे धरते, पण उभे न होता आडवेच वाढत राहते. रोप बियांचे किंवा शेंड्याच्या कलमाचे असावे. खालच्या फांद्या वाळल्या असतील तर सोडून द्या, तिथे नवी फांदी फुटत नाही. एका कुंडीत तीन-चार रोपे दाटीने लावून झाड भरदार दाखवण्याची युक्ती चालते, म्हणून बुंध्याशी वाकून मोजा. सोनेरी-चंदेरी रंग फवारलेले रोप तर फुकट मिळाले तरी नको.

जागा कोणती? खोताच्या वाडीतल्या व्हरांड्यात मिळतो तसा भरपूर पण सौम्य उजेड. लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर आल्यापासून अनेक चाळींना ऊन तासा-दोन तासांचेच मिळते. तिथे कुंडी आत न ठेवता कठड्यालगत ठेवावी. दर आठवड्याला ती पाव वळसा फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे कलते. गंमत म्हणजे या कुळातला कुक पाइन मोकळ्या जमिनीवरही विषुववृत्ताच्या दिशेला झुकतो, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे मुंबईत दक्षिणेकडे.

माती दोन भाग, जाड रेती एक, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक. बोट खुपसून वरची दोन इंच माती कोरडी लागली की पाणी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पाने फिकट दिसली तर पाण्याचा जोरदार फवारा मारा. पिठ्या ढेकणाला निंबोळी तेल पुरते. सजावटीला हलके एलईडी दिवेच लावा आणि सण सरला की काढा. वजनाने कोवळ्या फांद्या लोंबतात. एप्रिल-मे मध्ये गच्चीची फरशी तापते, कुंडी विटांवर उचलून ठेवा. जूनमध्ये खालची बशी काढलीच पाहिजे. मुंबईत ही झाडे तहानेपेक्षा बशीतल्या पाण्यानेच अधिक मरतात, असे माझे मत आहे.

कुंडी अपुरी पडली म्हणून सोसायटीच्या आवारात लावायचा मोह होतो. मूळ बेटांवर हे झाड 50 मीटरच्या वर जाते. भिंतीलगत त्याला जागा नाही. मातीत रुजून वाढले की तोडायलाही 1975 च्या राज्य वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याऐवजी दोन-तीन वर्षांनी, पहिल्या सरी पडून हवा निवळली की, मुळांचा गोळा न फोडता एक आकार मोठ्या कुंडीत हलवा आणि पंधरवडाभर सावलीत ठेवा.